तळलेलं चिकन, सात महिन्यांनंतर: डब्याला दोन भोकं पाडायला काय जातं?

हा रिव्ह्यू मी जानेवारीत लिहायला घेतला होता. तेव्हा एक स्टार देऊन मोकळी होणार होते. बरं झालं नाही टाकला, कारण मधल्या काळात माझं मत तीनदा बदललं. एका गोष्टीबद्दलचं मात्र अजिबात बदललं नाही. ती गोष्ट म्हणजे डबा.

मार्गशीर्षातले गुरुवार संपले आणि पुढच्याच रविवारी चिरंजीवांनी फर्माईश सोडली: फ्राइड चिकन. चिकन फ्राय नव्हे. चिकन फ्राय आमच्या घरी होतंच, मालवणी मसाला, आगळ आणि वरून तांदळाचं पीठ. त्याला हवं होतं ते जाड खरखरीत सालीचं, चावल्यावर शेजारच्या खोलीत आवाज जाणारं. एका मोठ्या साखळीतून आठ पीसचा बॉक्स मागवला. नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी आणि ५ टक्के जीएसटी धरून ८३२ रुपये. एवढ्यात आमच्याकडे दोन रविवारांचं चिकन येतं, तेही पावांसकट.

बॉक्स उघडला तर झाकणाला आतून घाम आलेला. खरोखर थेंब. ते टपटप चिकनवर पडत होते आणि वरचं कोटिंग चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात येत होतं. वर आठात लेग पीस एकच. बाकी पंख, बरगड्या आणि कुठला अवयव ते शेवटपर्यंत न कळलेले दोन तुकडे. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येका पाणी सुटलां गो."

कस्टमर केअरच्या चॅटवर लिहिलं, चिकन ओलं झालंय. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. पुन्हा उत्तर, "फोटोमध्ये प्रॉडक्ट व्यवस्थित दिसत आहे." आता मऊपणा फोटोत कसा दिसणार? शेवटी मुलाने डोकं चालवलं. मोबाइल तोंडाजवळ धरून एक घास चावला आणि ते रेकॉर्डिंग पाठवलं. आवाज काहीच नाही, हाच तर पुरावा! पलीकडून "ऑडिओ फाइल सपोर्टेड नाही" असा मेसेज आला आणि चॅट बंद झालं. लेग पीसचं विचारलं तर म्हणे पीस रँडम असतात, मॅडम. मटणवाला असं म्हणाला असता तर माझ्या सासऱ्यांनी त्याची गल्ली बदलायला लावली असती.

मी चिडले, म्हणून काटा काढला. भाजणीचा, स्वयंपाकघरातला. आठ पीस ७९० ग्रॅम भरले. खाऊन झाल्यावर हाडं २४५ ग्रॅम. कोटिंगचं वजन वेगळं काढता आलं नाही, कारण ते अर्धं डब्यालाच चिकटलं होतं. त्यानंतर सात महिने प्रत्येक ठिकाणच्या हाडांचं वजन आमच्या फ्रिजवरच्या कागदावर आहे. पाहुणे वाचतात आणि विषय बदलतात.

आता त्या डब्याबद्दल. बोंबील तळायच्या आधी सासूबाई तो चिरून, उघडा करून पाट्याखाली दाबून ठेवतात, पाणी निघून जावं म्हणून. तरच रवा धरतो. पदार्थ १७५ अंशांच्या आसपासच्या तेलात पडला की पृष्ठभागाजवळच्या पाण्याची वाफ होते, ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ, आणि साल कोरडी होऊन कडक होते. पण मांसात पाणी उरलेलंच असतं. बाहेर काढल्यावरही वाफ येत राहते. ती उघड्यावर उडून जाते आणि बंद पुठ्ठ्यात झाकणाला लागून पाणी होऊन परत खाली येते. म्हणजे पाऊणशे रुपये पॅकिंग चार्ज देऊन आपण चिकनवर पाऊस पाडून घेतो. पिझ्झाच्या खोक्याला बाजूला भोकं असतात, चिकनच्या या खोक्याला नाहीत. त्या कंपनीच्या खोक्यावर मात्र चार रंगांत 'एक्स्ट्रा क्रिस्पी' छापलंय. त्यातला एक रंग कमी केला असता तर भोकं पाडायची मजुरी निघाली असती.

इथपर्यंतचं बरंचसं जानेवारीत लिहिलेलं. फेब्रुवारीत एका शुक्रवारी घाटकोपरला काम होतं, तर त्याच साखळीच्या दुकानात बसून खाल्लं. आणि काय सांगू, उत्तम! साल कडक, आत रस, मीठ हाडापर्यंत गेलेलं. म्हणजे चिकनचा दोष नव्हताच. एक स्टारचे चार केले. एक अजून राखून ठेवलाय, तो डब्याचा.

मीठ हाडापर्यंत जाणं ही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी चिकन आधी काही तास मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवावं लागतं. आणि जाड पीस आतून शिजेपर्यंत वरून करपतो, ही तर कायमची अडचण. केएफसीचे संस्थापक कर्नल सँडर्स यांनी त्यावर १९३९ च्या सुमारास तोडगा काढला. तेल प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात ठेवून तळायचं, म्हणजे चिकन लवकर शिजतं आणि रस आत राहतो. (घरच्या कुकरमध्ये हे करू नये. खरंच. शिटी तेलाची असते तेव्हा ती शिटी नसते, अपघात असतो.) मला गंमत वाटते ती ही, की वाफ कोंडून चिकन चांगलं करणारी युक्ती आणि वाफ कोंडून ते वाया घालवणारा डबा, दोन्ही एकाच धंद्यातले.

ऑफिस फोर्टात असल्याने मार्चमध्ये फारचा आठवला. पारशी लोकांचं तळलेलं चिकन. हॉर्निमन सर्कलजवळच्या जिमी बॉयमध्ये, जिथे पारशी लग्नातलं भोणुं, म्हणजे जेवण, वर्षभर मिळतं, तिथे मैत्रिणीबरोबर गेले. फारचाची रीत आपल्या सवयीच्या उलटी. आपण अंड्यात बुडवून मग रव्यात घोळवतो. तिथे पीठ किंवा चुरा आधी आणि फेटलेलं अंडं सगळ्यात शेवटी, ते घेऊनच तुकडा तेलात. अंडं तेलात पसरतं आणि कडेला जाळी धरते, नाकातल्या नथीच्या कामासारखी. आलं-लसूण, तिखट, वर लिंबू. हे चिकन कुरकुरीत असल्याचा दावाच करत नाही. साल मऊ, अंड्याची, मसाल्याला धरून. थंड झालं तरी फारसं बिघडत नाही, कारण बिघडायला कडकपणा आहेच कुठे? मी एक पीस मुद्दाम पर्समधल्या स्टीलच्या डब्यात घालून भांडुपला आणला. रात्री खाल्ला. छान होता. त्या रात्री मी जाहीर केलं की शोध संपला.

घरात कोणी मानलं नाही. मुलगा म्हणाला हे आम्लेट आहे. नवरा म्हणाला, मुंबईचं खरं फ्राइड चिकन म्हणजे लॉलीपॉप, बाकी सगळं उसनं. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चिकन मंचुरियन शेफ नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात जन्माला घातलं. मग त्याच इंडो-चायनीज वाटेवरचा, पंखाच्या वरच्या भागातलं मांस एका टोकाला ओढून बांधलेला, लालभडक लॉलीपॉप आपला का नाही? भांडुप स्टेशनबाहेरच्या गाड्यावर आम्ही तीन बुधवार दिले. लॉलीपॉप ड्राय, शेजवान वेगळी. कढईतून ताटलीत, ताटलीतून तोंडात. डबाच नाही, म्हणून माझं भांडणही नाही. फक्त हाड हातात घेऊन बघितलं तर मांस कमी आणि कॉर्नफ्लोअर जास्त. सहा पीसचं १९० ग्रॅम, हाडं ७८. शिवाय तो लाल रंग दुसऱ्या दिवशीही बोटांवर असतो आणि मी बँकेत काउंटरवर बसते.

एप्रिलमध्ये भाचीने खारला एका कोरियन जागी नेलं. दोनदा तळतात. पहिल्यांदा कमी आचेवर, मग पाच-दहा मिनिटं बाहेर विसावू देतात, आतलं पाणी वर येतं, आणि दुसऱ्यांदा कडक तेलात ते उडवून टाकतात. पीठ पातळ, स्टार्चचं. साल काचेसारखी. मी घड्याळ लावून बसले. चाळीस मिनिटांनीही आवाज येत होता, सॉस लावलेला असूनसुद्धा! कारागिरी म्हणून याला पाचपैकी पाच. पण सहा तुकड्यांना जे बिल आलं त्याने भाचीच्या आग्रहाचा राग यायला लागला. तिने पैसे देऊ केले, मी मावशी म्हणून दिले, आणि अंधेरीपर्यंत दोघी गप्प. या जागेला मी मनातून शिव्या दिल्या आणि मनातूनच आजवर सगळ्यात जास्त वेळा आठवलं.

मे महिना अंगारकी, पाहुणे आणि आंबे यांत गेला.

जूनमध्ये ऑफिसातल्या सहकाऱ्याने कुर्ल्याचं सांगितलं. स्टेशनपासून पश्चिमेला चालत दहा मिनिटं, अरुंद दुकान, बोर्डावर 'ब्रोस्ट', म्हणजे प्रेशरमध्ये तळलेलं चिकन. सौदी, दुबईला काम करून आलेल्या लोकांमुळे ब्रोस्ट, खबूस रोटी आणि लसणाचा पांढरा सॉस मुंबईच्या या गल्ल्यांत कधीच मुरलेत. मालक पन्नाशीचे, जेद्दाहला अकरा वर्षं कढईवर होते. दुकानाला नाव आहे पण त्यांनीच सांगितलं लिहू नका, गर्दी झेपत नाही. प्रेशर फ्रायर वापरतात. स्किन ठेवतात. आपल्याकडे चिकनवाला "स्किन के साथ या विदाऊट?" विचारतो आणि आपण सवयीने विदाऊट म्हणतो, तिथेच अर्धा कुरकुरीतपणा कचऱ्यात जातो, हे मला त्यांनी समजावलं. आणि लेग पीस मागितला तर लेग पीस देतात!

मी पार्सल मागितलं. त्यांनी चार पीस कागदी पिशवीत टाकले, तोंड उघडंच ठेवलं आणि म्हणाले, "भाभी, बंद मत करना. साँस लेने दो." मला तिथेच भरून आलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य बोलणारा पहिला माणूस.

कुर्ला ते भांडुप स्लो गाडीने वीसेक मिनिटं. संध्याकाळची वेळ, लेडीज डबा, आणि माझ्या हातात उघड्या तोंडाची पिशवी. विद्याविहारला वास पसरला. घाटकोपरला चढलेल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला. विक्रोळीला दुसऱ्या एकीने हळूच दुकानाचा पत्ता विचारला. घरी पोचले, मुलाने घास घेतला, आणि देवघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय फुटलां?"

त्या दिवशी चार पीस ४३० ग्रॅम, हाडं १३०, पैसे २८०. फ्रिजवरच्या कागदाला आता नवा कागद जोडायची गरज नाही.

ज्यांना डब्यातूनच मागवावं लागतं त्यांच्यासाठी अनुभवातून: डबा दारातच उघडा, लिफ्टमध्ये उघडलात तरी चालेल. मायक्रोवेव्हच्या नादी लागू नका, तो सालीला पुन्हा वाफवतो. ओटीजी १८० अंशांवर आधी तापवून घ्या, पीस जाळीवर ठेवा, खाली ताट, सहा-सात मिनिटं. टिश्यूवर ठेवलेले पीस खालून भिजतात. वर्तमानपत्रावर तर नकोच. छपाईच्या शाईमुळे त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं एफएसएसएआय ही सरकारी अन्नसुरक्षा संस्था वारंवार सांगते, आणि वडापाव खाताना आपण ते वारंवार विसरतो.

आता मूळ तक्रारीचं. फेब्रुवारीत मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मी "डब्याला भोक नाही" असं सांगितल्यावर तिने दोनदा विचारलं की डबा फुटलेला होता का. जूनमध्ये मी ऑफिसचं पंच मशीन घेऊन त्या साखळीच्या मुलुंडच्या काउंटरवर गेले, म्हटलं पार्सल द्या पण आधी झाकणाला चार भोकं मी पाडते. पोरगा भला होता. मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, मॅडम, पॉलिसीत बसत नाही, पण तुम्ही बाहेर जाऊन पाडा, मी बघत नाही. पाडली. बसमधून घरी आणलं. चाळीस टक्के तरी फरक होता, मुलाच्या मते तीस. म्हणून त्यांचे चार स्टार कायम ठेवतेय, आणि हा रिव्ह्यू त्यांच्यातल्या कोणी वाचत असेल तर पंचचा खर्च माझ्याकडून.

काल त्यांचा मेल आला. तक्रारीचं निवारण झालं असून दिलगिरी म्हणून ७५ रुपयांचं कूपन देत आहोत, किमान खरेदी ५९९, मुदत आजपासून पंधरा दिवस. आज गटारी. उद्यापासून श्रावण लागतोय, आणि सासूबाईंनी सकाळीच काटा धुऊन साबुदाणा मोजायला घेतलाय.