सहावी ते आठवीसाठी दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर: आमच्या शाळेचा अनुभव

देवरुखपासून बरंच आत, डोंगरउतारावरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. सहावी ते आठवी मिळून आमची 58 मुलं. ऑगस्टमध्ये रत्नागिरीच्या एका संस्थेचं प्रथमोपचार शिबिर आम्ही शाळेत घेतलं. दोन दिवस, रोज तीन तास, प्रत्येक मुलामागे 120 रुपये आणि त्यांच्या येण्याजाण्याचे 1500. पालकसभेत 'हे पैसे कशाला?' असं विचारलं गेलं होतं, आणि आता शेजारच्या शाळांतल्या बाईही फोन करून विचारतायत. म्हणून सविस्तर लिहिते.

शिबिर जरूर घ्या. काही तक्रारी आहेत, त्याही पुढे लिहिल्या आहेत.

शिकवायला दोघं आली होती. एक निवृत्त परिचारिका आणि एक तरुण, जो काही वर्षं रुग्णवाहिकेवर काम करून आलेला. पहिल्या दहा मिनिटांतच मुलं त्यांना ताई आणि दादा म्हणायला लागली. सुरुवात झाली फोनच्या खेळाने. एक मुलगा फोन लावणार आणि ताई रुग्णवाहिकेच्या 108 वरून बोलणार. "बाबा माडावरनं पडलेत, लवकर या." "कुठे येऊ?" "आमच्या घरी." "घर कुठे आहे?" "वाडीत." वर्ग खूप हसला, पण एकेकाची पाळी येत गेली तसं हसणं थांबलं. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे. नंबर आमच्या सगळ्या मुलांना पाठ आहे, पण अनोळखी माणसाला आपलं घर सापडेल असा पत्ता एकालाही सांगता येईना.

मग ताईंनी प्रत्येकाला वहीत चार ओळी लिहायला लावल्या. गाव आणि वाडी, रस्त्यावरून दिसणारी खूण, गाडी कुठपर्यंत येते, आणि फोनला रेंज कुठे मिळते. चौथी ओळ त्यांनी आमच्याकडे आल्यावर घातली, कारण सकाळी घाटी उतरल्यावर त्यांनाच मला फोन लागत नव्हता. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं, "सहाणेपर्यंत गाडी येते, पुढे पाखाडीने आठ मिनिटं, रेंज सड्यावर आंब्याखाली." (सहाण म्हणजे गावाची पालखी ठेवायचा चौथरा, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सडा म्हणजे वरचं कातळाचं माळरान.) दादांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "एवढं कळलं तर मी स्ट्रेचर हातात घेऊनच गाडीतून उतरेन." दुसऱ्या दिवशी मुलं घरून विचारून, दुरुस्त्या करून आली. आता ते कागद घराघरांत दारामागे चिकटवलेले आहेत. माझ्या मते 120 रुपये इथेच वसूल झाले.

जखमा आणि मोडलेल्या हाडांचा भागही चांगला झाला. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून दाबून धरायचं, आणि सारखं उचलून बघायचं नाही. त्रिकोणी पट्टीची झोळी प्रत्येकाने बांधली, नंतर तीच मुलींच्या ओढणीने बांधून दाखवली. घोळणा फुटला तर बसवून मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं. फिट आली तर तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच 108. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लस घ्यायला जायचंच. "आमच्यात चुना लावतात," असं एक मुलगा म्हणाला. ताई त्याच्यावर रागावल्या नाहीत. चुना का नको हे त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि घरी आजीला हे कसं सांगायचं याचाही सराव करून घेतला. मोठ्या माणसांना उलट न बोलता अडवायचं कसं, हे शिकवणारं कोणी मी याआधी पाहिलं नव्हतं.

सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याला, मात्र पूर्ण दीड तास गेला आणि तो जड गेला. 58 मुलांना सरावाचे बाहुले फक्त दोन. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं. नीट दाबलं की बाहुल्यातून टक असा आवाज येतो. सहावीतल्या बारक्या मुलांचं वजनच पुरत नव्हतं. एक पोरगा कोपरं ताठ करून, जीव खाऊन दाबत होता, तरी टक होईना. शेवटी डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना सीपीआर शिकवण्याच्या ज्या आवाहनाला पाठिंबा दिला, त्यातही वय 12 पासून, वर्षाला दोन तास, असं आहे. म्हणजे सातवी-आठवीने दाबावं. सहावीने माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का हे ओळखावं, ओरडून मोठ्यांना बोलवावं, फोन लावावा. वर्गवार असे गट पाडले असते तर त्या पोराला रडायची वेळ आली नसती. हे मी संस्थेला पत्राने कळवलं आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार साप आणि विंचवाच्या भागाबद्दल आहे. पडद्यावरच्या चित्रांत हिमदंशावर चार पानं होती आणि सर्पदंशावर एक. आमची मुलं पावसाळ्यात कातळावरून गुरं घेऊन येतात, त्यांना बर्फाचं काय? फुरसं हा विषारी साप या जिल्ह्यात दगडादगडाखाली आहे. एका पानात जे होतं ते बरोबर होतं, एवढं नक्की: घट्ट आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. मुलांनी प्रश्न विचारले तेव्हा दादांनी चित्रं बाजूला ठेवली आणि आपल्या कामातलं सांगितलं, आणि तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं, तो आवाज आला की जागीच थांबायचं. त्याच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, म्हणून डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं वाट बघतात. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण सापडत नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकावं लागलं.

विंचवाला तर दोनच वाक्यं मिळाली. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून इतके जीव वाचवले, आणि कोकणातल्या मुलांना त्यांचं नाव कळू नये हे मला लागलं. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तर विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका, हे मी पुढच्या आठवड्यात वर्गात स्वतः घेतलं.

शिबिराबरोबर 850 रुपयांची पेटी विकायला आणली होती. ती घेऊ नका. आतल्या कात्रीने पट्टीसुद्धा कापत नाही आणि माहितीपत्रक इंग्रजीत आहे. आम्ही देवरुखच्या औषधाच्या दुकानातून गॉज, रोलर पट्ट्या, क्रेप पट्टी, हातमोजे, ओआरएसच्या पुड्या आणि थर्मामीटर आणलं. त्रिकोणी पट्ट्या मुलींनी जुन्या सुती साड्यांच्या शिवल्या. एक चांगली कात्री शिंप्याकडून मिळाली.

शिबिरानंतर तीन आठवड्यांनी सातवीतली तीच पाखाडीवाली मुलगी उशिरा शाळेत आली. सकाळी आईच्या हातावर कढत पेज सांडली होती. घरात नळ नाही. आजी दंतमंजन घेऊन आली तेव्हा ही म्हणाली, "आजी, ते राहू दे, तू बस नि घड्याळ बघ." आधी बांगड्या उतरवल्या, मग पिंपातलं गार पाणी तांब्याने हातावर धरलं. वीस मिनिटं. पिंप संपलं तेव्हा धाकट्या भावाला विहिरीवर पिटाळलं. नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने हात झाकून आईला आरोग्य केंद्रात नेलं. मी विचारलं, आजी ऐकली कशी? तर म्हणाली, "बाई, तिला काम दिलं ना."

पुढच्या जूनचं शिबिर पावसाच्या आधी ठरवलं आहे. अटी कळवल्या आहेत: बाहुले निदान पाच, सहावीचा गट वेगळा, पहिला अख्खा तास साप आणि विंचू. दादा येणार असतील तरच, हेही लिहिलं आहे.