दहा रुपयांच्या वॉशरमुळे गोठलेला फिल्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा माझ्या पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीचं शेवटचं ईमेल आलं. गोठल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, विषय संपला. माझ्यासाठी संपलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

हाताने पिशवी दाबून पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर, तंतूंची छिद्रं ०.१ मायक्रॉनची, म्हणजे जंतू अडतील इतकी बारीक. फेब्रुवारीत ३,९०० रुपयांना घेतला. एरवी मी इतका पैसा एका नळकांड्यावर घालवत नाही, पण सप्टेंबरमध्ये लडाखची मारखा व्हॅली एकटीने करायची होती. एकटं असताना पाणी चुकलं तर दुसऱ्याच्या बाटलीतून घोट घेता येत नाही.

पावसाळ्यापर्यंत सह्याद्रीत भरपूर वापरला. राजगडाची टाकी, हरिश्चंद्रगडाची टाकी, एप्रिलमधलं ते हिरवट पाणी. पाचोळ्याचा वास जात नाही, चवही जात नाही, पण पोट एकदाही बिघडलं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता त्या वॉशरबद्दल. पिशवीचं तोंड आणि फिल्टर यांच्यामध्ये एक पातळ रबरी चकती असते. ती नीट बसली नाही तर पिशवी दाबल्यावर न गाळलेलं पाणी आट्यांमधून झिरपतं आणि फिल्टरच्या अंगावरून ओघळत थेट चांगल्या पाण्याच्या बाटलीत जातं. म्हणजे गाळणं, न गाळणं सारखंच. ही चकती खाचेत घट्ट बसत नाही. पिशवी काढली की तिच्याबरोबर निघते आणि गवतात पडली तर सापडत नाही. खोक्यात एकही जादा चकती नाही. सिरिंज देतात, हुक देतात, स्टिकर देतात, पण चकती नाही!

मारखात स्क्यू गावापासून चालायला लागले. लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे डोंगर उघडे, तपकिरी, कुठे जांभळे. हवा इतकी कोरडी की घाम जाणवतच नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागल्यावर पाणी कमी प्यायल्याचं कळतं. नदी हिमनद्यांच्या बारीक मातीने राखाडी झालेली. ते पाणी तसंच गाळलं तर तंतू तुंबतात. मी रात्री भांड्यात निवळत ठेवायचे आणि सकाळी वरचं घ्यायचे. हे केलं तर फिल्टर तिथेही उत्तम चालतो. वर गुरं चरतात, त्यामुळे पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय पिऊ नका.

हांकर गावाला पोचले तेव्हा चकती हरवलेली होती. होमस्टेच्या आमा-लेंना (लडाखीत आईला असं म्हणतात) खुणांनी दाखवलं. त्यांनी जुन्या गमबुटाचं रबर कात्रीने गोल कापून दिलं, पैसे घेतले नाहीत. पूर्ण दिवस तेवढ्यावर निघाला. पण कात्रीने कापलेली कड एकसारखी नसते.

निमालिंगला, ४,८०० मीटरच्या आसपास, मी तंबूत झोपले. पहाटे ‘कोंगमारू ला’ ही खिंड चढायची होती, म्हणून भरलेली पिशवी फिल्टरसकट स्लीपिंग बॅगमध्ये घेतली. फिल्टर एकदा ओला झाला की तो गोठू द्यायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. मध्यरात्री पाय ओले लागले. चकतीपाशी गळत होतं. पिसांची बॅग भिजली तर ऊब जाते, आणि त्या थंडीत एकटीला ते परवडणारं नव्हतं. मी सगळं उचलून तंबूच्या पडवीत ठेवलं. सकाळी पिशवीचा दगड झाला होता.

गोठलेला फिल्टर बाहेरून तसाच दिसतो आणि पाणीही देतो. आत बर्फाने तंतू चिरले असतील तर जंतू आरपार जातात, आणि ते घरी तपासायची खात्रीची सोय नाही. त्यामुळे त्यावर पुन्हा विश्वास टाकला नाही. तिथल्या तंबूतल्या खानावळीतून उकळलेलं पाणी घेतलं. त्या उंचीवर पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी जंतू मरायला तेवढं पुरतं. ५,२०० मीटरच्या आसपासची ती खिंड मी त्यांच्या पाण्यावर ओलांडली.

पुण्यात परतल्यावर कंपनीकडे फक्त चकती मागितली. ती सुटी मिळत नाही, टोपीचा पूर्ण संच ६५० रुपयांना. चिडून नळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे दहा रुपयाला एक, मूळच्यापेक्षा जाड आणि घट्ट बसणारी चकती मिळाली. सहा घेतल्या.

इथवर लिहिलं तेव्हा एकच तारा द्यायचा ठरवलं होतं. पण काल दुसरा कुठला घ्यावा म्हणून शोधलं, तर याच्याइतका हलका आणि सहज धुता येणारा माझ्या पैशात मिळेना. बाकी फिल्टरने सात महिने चोख काम केलंय हेही खरंच. शेवटी तोच पुन्हा घेतला. दुकानातच पिशवी उघडून पाहिली : चकती तीच, पातळ आणि सैल. काउंटरवरच ती काढली आणि नळवाल्याकडची बसवली. उरलेल्या पाच प्रथमोपचाराच्या डबीत ठेवल्यात. जुना फिल्टर आता उकळण्याआधी गाळ काढायला वापरते.

फिल्टरला चार तारे. चकतीला शून्य.