शहापूरची साडी विकायची कुठं: मार्केटप्लेसवर की व्हॉट्सअ‍ॅपवर?

बेळगावात शहापूर-वडगावच्या मागावरची साडी ऑनलाइन विकायची तर दोन वाटा आहेत. एक मीशो-फ्लिपकार्टसारखं मार्केटप्लेस, दुसरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरचा आपला कॅटलॉग.

मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक आयतं मिळतं, पार्सल न्यायला माणूस दारात येतो. मीशोनं तर २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं. पण तिथं तुमच्या साडीशेजारी सुरतेची स्वस्त साडी असते, आणि छोट्या फोटोत पोताचा फरक कळत नाही. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीचा माल परत आला, की घडी मोडलेली साडी नवी म्हणून विकणं जड जातं. मला हे फार खुपतं, कारण तो तोटा शेवटी विणकराच्या मजुरीतून वळता होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक हळू जमतं: आधी नात्यातल्या, भिशीतल्या बायका, मग त्यांच्या ओळखी. पण पैसे यूपीआयनं आधी येतात, पदराचा व्हिडिओ दाखवता येतो, भाव आपण ठरवतो. पार्सलची धावपळ मात्र आपलीच.

सीमाभागाची खरी अडचण जीएसटीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही मार्केटप्लेसवर विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात. म्हणजे लांबच्या बिदरला चालतं, निपाणीपलीकडच्या कागलला नाही! व्हॉट्सअ‍ॅपवरूनही परराज्यात माल द्यायचा तर साधारणपणे नोंदणी लागतेच. आपले पैपाहुणे कोल्हापूर-सांगलीचे. तेव्हा नोंदणी करूनच घ्या, सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर करा आणि मार्केटप्लेसवर कमी किमतीचाच माल ठेवा.