सॅल्मन डीएनए की हायलुरॉनिक ॲसिड? आधी तक्रार ठरवा

चेहरा थकलेला दिसतो म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलं की हल्ली दोन इंजेक्शनांची नावं हमखास कानावर पडतात. एक पॉलिन्यूक्लिओटाइडचं, म्हणजे बोलीभाषेत ‘सॅल्मन डीएनए’. त्यातलं सर्वांत परिचित नाव दक्षिण कोरियाचं रेजुरान. दुसरं हायलुरॉनिक ॲसिडचं, उदाहरणार्थ प्रोफायलो. दोन्हींना सरसकट ‘स्किन बूस्टर’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

त्वचा कोरडी, निस्तेज, हात लावला की कागदासारखी लागणारी असेल, तर मी हायलुरॉनिक ॲसिडच्या बाजूने आहे. ते पाणी धरून ठेवतं. प्रोफायलोच्या 2 मिलीच्या सिरिंजमध्ये 64 मिलिग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड असतं. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला ठरलेल्या पाच जागी ते टोचतात आणि पुढे ते त्वचेखाली आपोआप पसरतं. साधारण महिन्याच्या अंतराने दोन सिटिंग. एका वेळी एकूण दहाच टोचण्या, त्यामुळे भित्र्या माणसालाही झेपतं.

पॉलिन्यूक्लिओटाइड माशाच्या शुक्रपेशींतला डीएनए शुद्ध करून, त्याचे तुकडे करून बनवतात. ते मुख्यतः पाणी भरण्यासाठी नसतं. त्वचेतल्या दुरुस्तीच्या यंत्रणेला चालना मिळावी, कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) बनवणाऱ्या पेशी कामाला लागाव्यात, ही त्यामागची कल्पना. याच कुळातलं, डीएनएच्या तुकड्यांचंच पीडीआरएन नावाचं औषध इटलीत जखमा भरून येण्यासाठी वापरलं जात आलं आहे. म्हणून डोळ्यांखालची पातळ, सुरकुतलेली त्वचा, मुरुमांनंतरचे उथळ खड्डे किंवा जरा काही लावलं की लाल होणारी त्वचा असेल, तर याचा विचार करावा. डोळ्यांखाली तर मला हेच जास्त पटतं. तिथे हायलुरॉनिक ॲसिड पाणी ओढून सूज आणू शकतं. अभ्यास मात्र बहुतेक छोटे आहेत, त्यामुळे ‘दहा वर्षांनी तरुण’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. सहसा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार सिटिंग लागतात आणि फरक हळूहळू दिसतो.

दुखण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. रेजुरान हाताने टोचतात तेव्हा चेहऱ्यावर अगदी जवळजवळ बारीक टोचण्या होतात. नंबिंग क्रीम लावूनही जेल आत जाताना चरचरतं. उठून आरशात पाहिलं तर गालभर डास चावल्यासारखे फुगवटे दिसतात. ते बसायला एक ते तीन दिवस लागू शकतात. प्रोफायलोचे बहुधा दिवसभरात बसतात. काळेनिळे डाग दोन्हींत पडू शकतात आणि आठवडाभर राहू शकतात.

दोन मुद्दे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. पहिला, हायलुरॉनिक ॲसिड चुकीच्या जागी गेलं तर हायलुरॉनिडेज हे एन्झाइम टोचून विरघळवता येतं. पॉलिन्यूक्लिओटाइडसाठी असा उतारा नाही. दुसरा, ते माशापासूनचं आहे. माशांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. माळकरी, जैन किंवा कट्टर शाकाहारी घरांत हा श्रद्धेचाही प्रश्न आहे आणि तो विचारण्यात संकोच कसला? प्रोफायलोमधलं हायलुरॉनिक ॲसिड जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना दोन्ही टाळावीत.

वांग किंवा काळे डाग ही मूळ तक्रार असेल, तर यातल्या कशावरही पैसे घालू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर टोचण्याच्या जागी उलट डाग उमटू शकतात. त्याला सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली क्रीमच हवीत. गालाची त्वचा खाली ओघळली असेल, तर ती वर ओढणंही या दोघांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

‘सॅल्मन डीएनए फेशियल’ हा प्रकार निराळा. त्यात त्वचेवर लावायचं सीरम मायक्रोनीडलिंगसोबत, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेवर सूक्ष्म छिद्रं पाडताना, वापरतात. वरून लावायची कुपी सिरिंजमध्ये भरून कुणी टोचू लागलं, तर सरळ उठून निघा. बॉक्स तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यावरचा बॅच नंबर, मुदत आणि आयातदाराचं नाव पाहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी, ब्यूटिशियन नव्हे. शंका आली तर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा.

खर्च विचारताना एका सिटिंगचा नव्हे, पूर्ण कोर्सचा विचारा. पुढे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायला सांगितलं जातं, तेही हिशेबात धरा. घरात लग्न असेल तर पॉलिन्यूक्लिओटाइड तीन-चार महिने आधी सुरू करा. तारीख पंधरा दिवसांवर आली असेल, तर दोन्ही राहू द्या. हळदीच्या फोटोत गालावर काळानिळा डाग कुणालाच नको असतो.