‘मर्यादित आठ जागा’ आणि सतरा सीटची गाडी

गेल्या जानेवारीत आम्ही काही नाशिककर आंबोली-मालवणच्या पक्षीनिरीक्षण सहलीला गेलो आणि पद्धतशीर फसवले गेलो. पैसे घेऊन कुणी पळालं नाही. गाडी आली, जेवण मिळालं, पक्षीसुद्धा दिसले. त्यामुळे कुणाला सांगायला गेलं की समोरचा विचारतो, ‘मग बिघडलं कुठे?’ कुठे बिघडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण तोच माणूस आता पावसाळी तुकडीसाठी नावं घेतोय.

हा आयोजक आम्हाला भेटला नांदूरमधमेश्वरला. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आणि तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी चापडगावच्या मनोऱ्यापाशी दुर्बिणींपेक्षा मोबाइल जास्त दिसतात. गर्दी झाली की गिऱ्हाईक शोधणारेही येतातच. गळ्यात भारी कॅमेरा, अंगात हिरवं जाकीट, बोलायला गोड. फोन नंबर घेतला, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: समुद्र ते सह्याद्री, चार रात्री, मर्यादित आठ जागा, ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञ सोबत, माणशी 18,500 रुपये. तज्ज्ञांचा फोटो आणि नाव ठळक छापलेलं. मी इथे ते नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल तसं त्या भल्या माणसाचा यात काही दोष नाही.

जाहिरातीच्या मधोमध तिबोटी खंड्याचा देखणा फोटो होता, चोचीत सरडा धरलेला. एका कोपऱ्यात किनाऱ्यावर बसलेला कुरवांचा थवा. आता तिबोटी खंड्या कोकणात पावसाबरोबर येतो, जूनच्या सुमारास मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. कुरव येतात हिवाळ्यात. दोघं एकाच सहलीत दाखवायचे तर सहल सहा महिने चालवावी लागेल. मी फोनवर विचारलंच. तो हसला, ‘ताई, तुमचा अभ्यास दांडगा आहे. तो फोटो नुसता डिझाइनसाठी हो. बाकी कर्णा, धनेश, समुद्री गरुड, सगळं मिळेल.’

निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने मागितले. पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं ते एका बाईचं. ‘मिसेसचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे.’ उरलेले गाडीत बसताना रोख. वर 5 टक्के जीएसटी धरलेला, तोही रोखीत.

मुंबई नाक्यावर रात्री गाडी उभी होती ती सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, आणि ती पूर्ण भरली. विचारलं तर म्हणे दोन बॅच एकत्र कराव्या लागल्या. ‘सतरा म्हणजे छोटाच ग्रुप झाला की काकू, लोक पन्नास-पन्नास नेतात.’ (जाहिरात पाठवेपर्यंत मी ताई होते, रोख पैसे हातात पडल्यावर काकू झाले.) तज्ज्ञ सर कुठे आहेत? ते थेट आंबोलीला येणार होते. आंबोलीत कळलं की त्यांना अचानक व्याख्यान आलंय, ते मालवणला गाठतील. मालवणला कळलं की त्यांची तब्येत बरी नाही. परत आल्यावर मी त्यांना स्वतः फोन केला. त्यांनी या माणसाच्या एका कार्यक्रमात पूर्वी भाषण दिलं होतं, तेवढीच ओळख. सहलीचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या जागी होता पंचविशीच्या आतला एक मुलगा. वागायला चांगला, किल्ल्यांवर ट्रेक नेणारा. पक्ष्यांतलं त्याला फारसं काही कळत नव्हतं आणि ते त्याने दुसऱ्या दिवशी मला खाजगीत सांगितलंही. त्याला रोजावर पाठवलं होतं, सोबत एक ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाइलवर आवाजांचं ॲप देऊन.

आठ आणि सतरा यांत काय फरक पडतो, हे ज्यांनी जंगलात पक्षी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आंबोलीची पायवाट एका माणसाच्या रुंदीची. कर्णा हा पक्षी सावलीत, मधल्या उंचीच्या फांदीवर निश्चल बसतो, बऱ्याचदा पाठ करून. नराचं पोट लालभडक असलं तरी पाठीकडून तो वाळक्या पानासारखाच. वाटाड्याने हळूच बोट दाखवायचं, एकेकाने दोन पावलं पुढे येऊन दुर्बीण लावायची आणि मागच्याला जागा द्यायची, अशी रीत आहे. सहा-आठ जणांत हे जमतं. सतरा जणांत पहिल्या तिघांना पक्षी दिसतो, चौथ्याला हललेली फांदी दिसते आणि शेपटाकडचे अजून मिसळपावाबद्दल बोलत असतात. आमच्यातल्या दोघांना कर्णा दिसला. बाकीच्यांसाठी त्या मुलाने स्पीकर लावला. तोच आवाज पुन्हा पुन्हा, चढत्या आवाजात. आपल्या हद्दीत परका नर घुसला असं समजून पक्षी कासावीस होतो, म्हणून जाणते लोक हे टाळतात किंवा फार जपून करतात. आमच्यापैकी एक-दोघांनी थांबवायला सांगितलं, तर मागून आवाज आला, ‘वाजवू द्या, पैसे भरलेत.’ मला राग त्या मागच्या माणसाचा कमी आला. त्याला हमी देऊनच आणलं होतं.

किनाऱ्यावर तर मजाच. बोटीतून वेंगुर्ल्याच्या खडकांकडे नेणार होते, जिथे पाकोळ्यांची वसाहत आहे. प्रत्यक्षात मालवणच्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची डॉल्फिन फेरी झाली, आणि तिचेही पैसे वेगळे. ‘पॅकेजमध्ये बोट आहे, तिकीट नाही’ हे वाक्य मी अक्षरशः ऐकलंय. वर एक शिकारी पक्षी घिरट्या घालत होता. मुलगा ओरडला, ‘समुद्री गरुड!’ कॅमेरे कडकडले. डोकं आणि छाती पांढरी, बाकी सगळं अंग विटकरी. समुद्री गरुड पोटाकडून पांढराशुभ्र असतो, पाठीला राखाडी, आणि आकाराने चांगलाच मोठा. नाव चालवणाऱ्याने मागे वळूनही न बघता सांगितलं, ‘गरूड खंयचो, ती घार आसा.’ ब्राह्मणी घारच ती. पण यादीत गरुड चढला.

हो, यादी. फसवणुकीचा खरा कळस ही यादीच. शेवटच्या रात्री प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि पाहिलेल्या पक्ष्यांची छापील यादी मिळाली. 96 प्रजाती! त्यात रोहित होता, नवरंग होता. आमच्यात नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका होते, आयुष्य छपाईतल्या चुका हेरण्यात गेलेलं. त्यांनी कागद दिव्याखाली धरला आणि तळाची बारीक ओळ वाचून दाखवली: ‘पक्षी सप्ताह विशेष तुकडी’. पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर. म्हणजे आम्ही जानेवारीत पाहिलेले पक्षी आम्ही निघायच्या दोन महिने आधीच मोजून झाले होते.

तरीही बहुतेकांनी प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढला. दुसऱ्याच दिवशी तो फोटो ‘96 प्रजाती, समाधानी पक्षीमित्र’ या ओळीसकट पुढच्या तुकडीच्या जाहिरातीत आला. हा धंदा कशावर चालतो ते मला तेव्हा उमगलं. पक्षी पाहणाऱ्यांच्या घोळक्यात ‘मला दिसला नाही’ म्हणायची लाज वाटते. शेजारचा ‘वा, काय लायफर!’ (आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी) म्हणतोय आणि आपण दुर्बीण फिरवत बसलोय, हे कोण कबूल करणार? मग सगळ्यांनाच सगळं दिसतं.

दुसरी ढाल म्हणजे ‘निसर्ग आहे, हमी नसते.’ वाक्य शंभर टक्के खरं आहे. चापडगावचे स्थानिक गाईड तेच सांगतात: ‘काल होता सर, आज नाही.’ पण ते गाईड ठरलेल्या वेळी स्वतः हजर असतात आणि भोवत्यासारख्या लहान शिकारी पक्ष्याला गरुड म्हणत नाहीत. पक्षी येणं न येणं निसर्गाच्या हाती. गाडीत किती माणसं, वाटाड्या कोण, बोट कुठे जाणार, मुक्काम कुठे, हे सगळं आयोजकाच्या हाती. मी पैसे परत मागितले तेव्हा त्याने दोन्हींची मिसळ करून उत्तर दिलं, ‘काकू, धनेश माझ्या पगारावर नाही,’ आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं. मी धनेशाबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

पावतीसाठी पिच्छा पुरवल्यावर एक पीडीएफ आली. जीएसटी क्रमांक 15 अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. यावरचा 13 अक्षरी होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही क्रमांक टाकून व्यवसायाचं नाव पाहता येतं, एक मिनिट लागतं. कर म्हणून घेतलेले पैसे कुठे गेले ते त्यालाच ठाऊक.

आम्ही सहा जणांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून त्याला विचारणा गेल्यावर त्याने दोघांना फोन करून बोटीचे पैसे देऊ केले, अट एकच: लिहिलेलं सगळं काढून टाका. एकाने घेतले. त्याला दोष देत नाही, कटकट कुणाला हवी असते. उरलेल्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, असे दोन मुद्दे आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आम्हाला नाशिकमध्येच, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. काकांनी कागद लावायला घेतलेत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळ्यात वर, तिच्यावर ‘मर्यादित आठ जागा’ खाली लाल रेघ, आणि मागे गाडीतल्या सतरा जणांचा, आयोजकानेच काढलेला फोटो.

अशा सहलीचं कुणी विचारलं तर मी आता म्हणते, आकडा आणि वाटाड्याचं नाव लेखी मागा, आणि ‘हे दोन्ही बदलले तर पैसे परत’ हेही त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या. मग त्या वाटाड्याला थेट फोन करा. तारखा त्याला माहीत आहेत का, एवढंच विचारायचं. आणि जाहिरातीतले पक्षी त्या महिन्यात तिथे असतात का, ते एखाद्या जुन्या पक्षीमित्राला दाखवा. आंबोलीत उत्तम स्थानिक वाटाडे आहेत, त्यांच्याशी परस्पर बोलूनही जाता येतं. स्वस्त पडेल की महाग, ते गटावर अवलंबून.

आमच्या आधीच्या तुकड्यांमधलं, विशेषतः नोव्हेंबरातल्या, कुणी हे वाचत असेल तर पैसे भरल्याचे मेसेज आणि ती यादी पुसू नका. तक्रारीला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तुमच्या यादीत किती प्रजाती आहेत ते आम्हाला जाणून घ्यायचंय.