दहा सेकंदांत सुटणारा नट

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात रोटाव्हेटर बघायला गेलो आणि रॉकेल विकत घेऊन आलो. तेही ६०० रुपयांचं. मी आयटीआयचा फिटर आहे, त्यामुळे पैशापेक्षा लाज जास्त वाटली. तरीही लिहितोय, कारण असे स्टॉल गावोगाव फिरत असतात.

अण्णांची २००६ सालची स्प्लेंडर वर्षभर निळा धूर सोडत होती. रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील गेले होते, इंजिन घरीच खोलायचं ठरवलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं तर आधी सायलेन्सर सोडवायला लागतो. हेडमध्ये ६ एमएमचे दोन स्टड (आटे पाडलेल्या, डोकं नसलेल्या सळ्या) आणि त्यांच्यावर दहाच्या पान्याचे दोन नट, एवढंच काम. पण ही दुधाची गाडी. डेअरीतून आलं की गरम सायलेन्सरवर बादलीभर पाणी ओतायची अण्णांची सवय. इतक्या वर्षांत नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे बोटालाही कळत नव्हतं. पाना लावला, नट हलला नाही. जोर वाढवायची भीती वाटली, कारण ६ एमएमचा गंजका स्टड खडूसारखा मोडतो.

हे डोक्यात असतानाच प्रदर्शनात तो स्टॉल दिसला.

टेबलाला व्हाइस, म्हणजे वस्तू पकडून ठेवायचा शिकंजा, ठोकलेला. त्यात लालभडक गंजलेला बोल्ट, वर तसाच गंजलेला नट. विकणारा पस्तिशीचा, गळ्यात माइक. "या काका, तुम्ही सोडवा," म्हणत त्याने गर्दीतल्या एका शेतकऱ्याच्या हातात फिक्स पाना दिला. काकांनी ताकद लावली, पाना कट्‌कन घसरला. परत लावला, परत घसरला. मग विकणाऱ्याने लाल बाटलीतून दोन फवारे मारले, माइकवर एक ते दहा मोजले, दुसरा पाना घेतला आणि नट सोडवला. शेवटचे आटे तर चिमटीने फिरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

एक बाटली ३५० ला, दोन घेतल्या तर ६०० आणि वर गोटी पान्यांचा, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेटचा, सेट फुकट. गोट्यांवर क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे मजबूत पोलाद, अशी ठळक इंग्रजी अक्षरं कोरलेली. मी दोन घेतल्या.

घरी येऊन फवारा मारला. दहा सेकंद कसले, मी चांगला अर्धा तास थांबलो. दहाची गोटी लावून जोर दिला तर गोटीच फाकली. नटाचे कोपरे गेले आणि तो गोल झाला. तिथेच थांबायला हवं होतं. मी माझा जुना रिंग पाना घेऊन दुसऱ्या नटाकडे वळलो. तो फिरला. किती बरं वाटलं! पण हाताला काहीतरी मऊ लागत होतं. नट सुटताना हाताला असं मऊ लागत नाही. पाव फेरा झाला आणि नट स्टडच्या तुकड्यासकट हातात आला.

अण्णा गोठ्यातून आले. त्यांनी बाटली उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "अरे, हे तर रॉकेल हाय. रेशनला मिळंना झालंय, तुला कुठं घावलं?"

रात्री वर्तमानपत्राच्या कडेवर त्यातला एक थेंब टाकून ठेवला, शेजारी वर्कशॉपातल्या चांगल्या पेनिट्रेटिंग ऑईलचा, म्हणजे गंजलेल्या आट्यांत झिरपणाऱ्या तेलाचा, एक. सकाळी दुसऱ्या थेंबाचा तेलकट डाग तसाच होता. पहिल्याचं तेल उडून गेलेलं, नुसती लालसर रंगाची कडा राहिलेली. आणि हा गडी माइकवर सांगत होता, की नटच नाही सुटला तर वरून बत्ती लावा! पेट्रोलची टाकी गाडीवर असताना कोणी खरंच ते ऐकलं तर?

मोडका स्टड काढायला हेड सायलेन्सरसकटच उतरवून लेथवाल्याकडे गेलो. त्याने आधी गोल झालेला नट छन्नीने फोडून सायलेन्सर सोडवला. मग तुटक्या टोकावर एक नट ठेवला, नटाच्या आतून वेल्डिंग भरलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि हळूच पुढे-मागे करत स्टड बाहेर आणला. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. तापवलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे पकड सैल होते. मला हे पाठ होतं, तरी फवाऱ्याला भुललो. "आदल्या रात्री ऑईल सोडायचं, नटावर हलक्या हाताने हातोडी मारायची, सकाळी परत ऑईल," लेथवाला म्हणाला. "सोडवायच्या आधी केसभर आवळून बघायचं. आणि पाना सहा कोनीच पाहिजे." नव्या स्टडांसकट ४५० रुपये घेतले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी परत गेलो. खिशात विहिरीवरच्या पंपाचा एक गंजका नट-बोल्ट होता. म्हटलं, हा सोडवून दाखव. त्याने बोल्ट उलटसुलट केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, हा गंज नाही, हा वेल्ड झालाय. ह्याला तिसरी बाटली लागेल."

वाद घालत मी टेबलाच्या मागे गेलो, तर पडद्याआड टेम्पोपाशी एक पोरगं बसलेलं. समोर प्लॅस्टिकच्या टबात मिठाचं पाणी आणि त्यात पंधरावीस नट-बोल्ट. एक उचलून मी नट फिरवला. बोटांनीच फिरला. बाहेरून लाल गंज, आत आट्यांना पिवळंधमक ग्रीस. म्हणजे आधी ग्रीस लावून नट चढवायचा, मग बुडवून वरून गंज आणायचा. मग काकांना तो का सुटला नाही? टेबलावरचा पाना बघितला. नट सतराचा, आणि काकांना दिलेला पाना एकोणीसचा. घसरणार नाही तर काय!

विकणाऱ्याने माइक बंद केला, मला टेम्पोच्या आडोशाला नेलं आणि मोजून ६०० रुपये हातात ठेवले. "गोटी सेट राहू दे तुमच्याकडे," म्हणाला. मी पैसे घेतले.

निघालो तर माइक परत सुरू झालेला. पाना कट्‌कन घसरला, लोक हसले, आकडे मोजायला सुरुवात झाली. माझ्या शेजारून एक म्हातारबाबा दोन लाल बाटल्या पिशवीत टाकत पुढे गेले. मी त्यांना थांबवलं नाही.