छोट्या गॅस भट्टीला आतून काय लावायचं: सिरॅमिक वूल, मऊ विटा की कास्टेबल?

घरच्या लोहारकामासाठी बनवलेली गॅस भट्टी बहुतेक वेळा एकाच घाटाची असते. दहा इंची पाइपाचा फूटभर तुकडा, बाजूने घुसवलेला बर्नर आणि पुढे-मागे उघडं तोंड. बर्नरवर लोक महिनोन्‌महिने डोकं लावतात, पण भट्टी नुसती गॅस खाते आणि लोखंड लालच्या पुढे सरकत नाही, तेव्हा आधी अस्तराकडे बघावं.

कोळशाच्या भट्टीला मातीचं लिंपण पुरतं, कारण लोखंड थेट निखाऱ्यात पुरलेलं असतं. गॅस भट्टीत ज्योत भिंत तापवते आणि तापलेली भिंत लोखंड तापवते. त्यामुळे अस्तराला दोन कामं करावी लागतात: उष्णता बाहेर जाऊ न देणं, आणि ज्योत, टाकणखार (बोरॅक्स, भट्टीत तापवून लोखंड जोडताना त्यावर टाकतात तो) व सांडशीचे धक्के अंगावर झेलणं. ही दोन कामं वेगळी आहेत. बाजारातला कुठलाही एक माल दोन्ही चांगली करत नाही, आणि सगळी निवड इथेच ठरते.

आधी एक पर्याय बाद करून टाकू: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचं मिश्रण. व्हिडिओंमध्ये ते फार दिसतं. अ‍ॅल्युमिनियम वितळवायला चार-दोन वेळा चालून जातं, पण लोखंड घडवायला लागणाऱ्या 1000 ते 1200 अंशांना प्लास्टर भुसभुशीत होऊन गळतं. ग्लासवूल आणि रॉकवूलचंही तसंच, त्या तापमानाला ती टिकतच नाहीत. आणि जुन्या दुकानात अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा कुणी पुढे केला, तर हातही लावू नका.

आता सिरॅमिक वूल, म्हणजे सिरॅमिक फायबर ब्लँकेट. 25 मिलिमीटर जाडी, 128 घनता (किलो प्रति घनमीटर) आणि 1260 अंशांची ग्रेड मागा. हे 1260 म्हणजे वर्गीकरणाचं तापमान आहे. रोजच्या वापरात उघडं वूल 1100 च्या आसपास ठेवलेलं बरं. वूलचा मोठा गुण म्हणजे त्याच्यात वजनच नाही, त्यामुळे ते स्वतः तापायला उष्णता खात नाही. आतून 250 मिलिमीटर व्यासाच्या, 300 मिलिमीटर लांबीच्या पाइपात दोन थर बसवायचे तर पहिल्याला साधारण 785 आणि दुसऱ्याला 630 मिलिमीटर लांबीची पट्टी लागते. सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत. तेवढीच जागा जड फायरब्रिकने भरली तर वीस किलोच्या पुढे जाल, आणि ते वीस किलो तापेपर्यंत गॅस जळत राहणार. दोन थरांच्या वूलची भट्टी पाच-दहा मिनिटांत काम सुरू करू देते.

पट्टी मापापेक्षा बोटभर लांब कापा, म्हणजे दाबून बसवल्यावर ती स्वतःच्या ताणाने पाइपाला धरून राहते. अख्खा रोल सुमारे साडेसात मीटर लांब आणि 610 मिलिमीटर रुंद येतो. एका भट्टीला अर्धा चौरस मीटरही लागत नाही, तेव्हा मीटरवर कापून देणारा दुकानदार शोधा किंवा मित्रांमध्ये वाटून घ्या.

वूलचे दोष दोन आहेत आणि दोन्ही गंभीर. पहिला टाकणखार. वेल्डिंगच्या उष्णतेला वितळलेला टाकणखार वुलावर पडला की पाण्यात साखर विरघळावी तसं वूल खचत जातं. एकाच बैठकीत तळाला खड्डा पडू शकतो. दुसरा दोष छातीचा. हे तंतू श्वासातून आत जातात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना '2बी', म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवलं आहे. वूल दीर्घकाळ 1000 अंशांच्या वर तापलं की त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं. ती स्फटिकी सिलिका आहे आणि तिचा धोका त्याहून पक्का मानला जातो. म्हणजे नवं वूल कापतानाच्या इतकीच काळजी जुनं वूल काढताना घ्यायची, उलट थोडी जास्तच. एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे, पाण्याचा फवारा. बायो-सोल्युबल, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या तंतूंचं वूल मिळालं तर तेच घ्या. फुप्फुसाच्या दृष्टीने ते बरं, पण टाकणखारापुढे तेही टिकत नाही.

म्हणून उघडं वूल मी कुणालाही सुचवत नाही. त्यावर आधी कोलॉइडल सिलिका (अतिसूक्ष्म सिलिका तरंगत असलेलं पाणी) फवारायची, म्हणजे वाळल्यावर आणि एकदा तापवल्यावर तंतू कडक होतात. मग वर कास्टेबलचा, म्हणजे पाण्यात कालवून थापायच्या उष्णतारोधक काँक्रीटचा, 10-12 मिलिमीटर थर किंवा किमान झिरकॉनचा लेप. कोल्हापूरकरांना हे सोपं आहे. साच्यांना लावायला फाउंड्रीवाले झिरकॉन फ्लोअर (झिरकॉनची बारीक पूड) वापरतात, आणि इन्व्हेस्टमेंट कास्टिंग (मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम) करणाऱ्यांकडे कोलॉइडल सिलिका असते. दोन्ही कालवून पातळ दह्याइतकं केलं की लेप तयार. असे लेप भट्टी किती जास्त तापवतात याच्या दाव्यांवर मी फार भर देणार नाही. तंतू बांधून ठेवतात, एवढ्यासाठीही ते लावण्यासारखे आहेत. सोडियम सिलिकेट मात्र ज्योतीकडच्या बाजूला लावू नका. त्यातला सोडा पृष्ठभागाचा वितळबिंदू खाली आणतो.

मऊ विटा, दुकानात 'हॉट फेस इन्सुलेशन' म्हणून मिळतात त्या, हा दुसरा खरा पर्याय. माप 230 × 115 × 75 मिलिमीटर. करवतीने कापता येतात, बर्नरचं भोक होल-सॉने पाडता येतं. तळाला दोन, बाजूंना दोन, वर दोन आणि मागे एक, अशा सात विटा अँगलच्या चौकटीत आवळल्या की तीन लिटरची पेटी उभी राहते. पाइप नको, वेल्डर नको, वूल नको. सुऱ्या, आकडे, छोट्या छिन्न्या करणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. आकार पटला नाही तर विटा सोडून पुन्हा रचता येतात, ही सोय वुलात नाही. पण या विटा तडकतात. भरभर तापवून भरभर निवू दिल्या की लवकरच चिरा दिसतील, आणि टाकणखार त्यांनाही खातो. कापताना धूळ उडते, तेव्हा मास्क इथेही हवाच.

जड, पिवळसर फायरब्रिक स्वस्त आणि कणखर असते, पण तिच्यातून वुलाच्या चार-पाच पट उष्णता निसटते. तिची जागा फक्त तळाला. भिंतींना ती लावलीत तर अर्धा-पाऊण तास नुसतं तापवण्यात जाईल.

कास्टेबल हाय-अ‍ॅल्युमिना घ्या, कारण टाकणखार सगळ्यात जास्त काळ तेच सोसतं. एकटं वापरू नका, मागे वूल हवंच. वर सांगितलेल्या मापाला चार किलोच्या आसपास पुरतं आणि भट्टी तापायला पाच मिनिटं जास्त लागतात. पाणी बेताचं: मुठीत गोळा धरावा, पण पाणी सुटू नये. दिवसभर ओल्या गोणपाटाखाली ठेवून मग सावकाश वाळवा. पहिल्यांदा तापवताना थोडा वेळ जाळ, थोडा वेळ बंद, असं करत चढवा. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की थर फुटून उडतो.

नुसतं घडाई करायची, जागा कमी आणि हाताशी वेल्डर नाही, तर मऊ विटांची पेटी करा. दमास्कस (वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेलं) किंवा कुठलंही भट्टीतलं वेल्डिंग मनात असेल तर वूल, वर कास्टेबल आणि तळाला बदलता येईल अशी फायरब्रिकची पातळ चीप, याला पर्याय नाही. भट्टी कुठलीही असो, ती उघड्यावर किंवा आरपार वारा असलेल्या शेडमध्येच पेटवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर या कामाला वापरायला कायद्याने बंदी आहे. 19 किलोचं व्यावसायिक घ्या आणि त्यावर हाय-प्रेशर रेग्युलेटर लावा.

कास्टेबलची गोणी घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचा. त्यातलं सिमेंट दमट हवेत मरतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढलेली, उघडी पडलेली गोणी निम्म्या भावात मिळाली तरी घेऊ नका.